कच्छच्या लहान रणात शाळेच्या मुलांना न्यायचे आहे : प्राणी, पक्षी आणि दोन दिवसांचे नियोजन

केळशीकर_मास्तर (दापोली)

सर्वांना नमस्कार.

दापोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्या निसर्ग मंडळातील आठवी-नववीच्या वीस-बावीस मुलांना जानेवारीत कोरड्या प्रदेशातील एखादे अभयारण्य दाखवावे, असा विचार चालू आहे. या मुलांनी वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहिली आहेत आणि खाडीतली खारफुटी तर त्यांच्या परसदारीच आहे. जिथे नजर पोहोचेल तिथवर झाड नाही, अशा जमिनीवर प्राणी काय खातात, कुठे लपतात आणि पिल्ले कशी वाढवतात, हे त्यांनी पुस्तकाबाहेर पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

काही पालक जैसलमेर सुचवतात, तर काही कच्छचे लहान रण. कोणते निवडावे? प्राणी खरोखर दिसतात, की दिवसभर जीपमधून धूळच खावी लागते? शिवाय इतक्या मुलांमुळे तिथल्या जीवांना त्रास होऊ नये, यासाठी कोणती पथ्ये पाळावीत? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर, आपण लहान रणच निवडावे, असे मी स्पष्टपणे सांगेन. मात्र आधी एक घोळ मिटवून घ्यावा. रणोत्सव भरतो ते धोरडोचे पांढरे रण मोठ्या रणात येते, तर घुडखर अभयारण्य लहान रणात आहे, आणि या दोन ठिकाणांमध्ये बरेच अंतर आहे. सहलींच्या जाहिरातींत दोन्हींना सरसकट ‘कच्छचे रण’ म्हटलेले असते, म्हणून आरक्षण करताना बजाणा, झैनाबाद, दसाडा, ध्रांगध्रा यांपैकी कोणत्या बाजूने आत शिरायचे आहे, हे विचारून घ्यावे. अहमदाबादहून ही ठिकाणे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टप्प्यात येतात. कोकण रेल्वेवरून अहमदाबादमार्गे जाणाऱ्या ओखा आणि गांधीधामच्या गाड्या आहेत, परंतु त्या रोज नसतात, तेव्हा सहलीच्या तारखा गाडीच्या वारांप्रमाणे ठरवाव्या लागतील.

हे अभयारण्य १९७३ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटर आहे. ते मुख्यतः घुडखरासाठी, म्हणजे भारतीय रानगाढवासाठी राखलेले आहे. घोड्यांना होणाऱ्या साथीच्या रोगांमुळे हा प्राणी एकेकाळी संपण्याच्या बेतात आला होता; १९६० च्या दशकात त्याची संख्या ३६२ इतकी खाली गेली होती. संरक्षण मिळाल्यावर ती सावरत गेली. २०२० च्या गणनेत गुजरातमध्ये ६,०८२ घुडखर नोंदवले गेले आणि २०२४ च्या गणनेत ७,६७२. त्यामुळे ‘दिसतील का’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : जानेवारीत रणात गेलेल्या माणसाला घुडखर दिसला नाही, असे सहसा घडत नाही.

मुलांना नेण्यापूर्वी त्या जमिनीचा स्वभाव वर्गात समजावून द्यावा. लहान रणात वाळूच्या टेकड्या नाहीत. ते खारट गाळाचे अफाट सपाट मैदान आहे. पावसाळ्यात बनास, रूपेण आणि सरस्वती या नद्यांचे पाणी एका बाजूने येते, कच्छच्या आखातातले खारे पाणी दुसऱ्या बाजूने आत रेटले जाते, आणि सारे रण उथळ पाण्याखाली जाते. आपल्या मुलांना सर्वांत नवल वाटेल ते याचे, की जिथे आपण जानेवारीत जीपने फिरतो, त्याच रणाच्या आखाताकडच्या भागात पावसाळ्यात कोळंबी धरली जाते. या काळात पाण्याबाहेर राहणाऱ्या उंचवट्यांना तिथे बेट म्हणतात. गवत आणि खारट जमिनीत तगणारी झुडुपे तिथेच टिकतात, आणि पावसाळ्यात घुडखरही त्यांच्याच आसऱ्याला येतात. त्यांची पिल्ले जन्मतात तीही बहुतेक याच दिवसांत. १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य पर्यटकांना बंद असते.

आता पाहायचे कसे, हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण सहल साधते किंवा फसते ती इथेच. कळप दिसताच गाडी जवळ नेण्याचा आग्रह धरू नये. लांबच थांबवून इंजिन बंद करायला सांगावे. सुरुवातीला सगळे प्राणी माना वर करून, कान आपल्याकडे रोखून उभे राहतात. आपण गप्प बसलो, की काही वेळाने एखादी मादी मान खाली घालते आणि मग हळूहळू सारा कळप पुन्हा चरू लागतो. त्यानंतरच अंगावरचा बदामी रंग, पोटाखालचा पांढरा भाग आणि आयाळीपासून शेपटीपर्यंत गेलेला गडद पट्टा दुर्बिणीतून नीट न्याहाळता येतो. बहुधा एखादा नर कळपापासून दूर एकटाच उभा असतो. तो आपल्या हद्दीची राखण करत असतो. घुडखर ताशी ७० किलोमीटरपर्यंत वेगाने धावू शकतो आणि पाहुण्यांना ते दाखवावे म्हणून काही चालक गाडी कळपाच्या बाजूने पळवतात. हे कदापि होऊ देऊ नये. पावसाळ्यात विणाऱ्या माद्या जानेवारीत गाभण असतात, कारण त्यांचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. घटकाभराच्या गमतीसाठी त्यांना पळवणे मला क्रूरपणाचे वाटते. गाडी नेहमी मळलेल्या वाटेवरच ठेवायला सांगावे. रणाची वरची खपली एकदा चाकांखाली फुटली, की पुढच्या पावसाचे पाणी येईपर्यंत ती तशीच राहते.

सड्यावरचा (राजापूर)

जैसलमेरबद्दल थोडे लिहितो, म्हणजे पालकांना उत्तर देणे सोपे जाईल. तिथले मरू राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे असून जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याचे खरे वैभव म्हणजे माळढोक. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली याच पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, पण आज तो तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे, आणि जगात उरलेल्या दीडशेच्या आतल्या माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत. मादी एका वेळी साधारणपणे एकच अंडे घालते. या जड पक्ष्याला उडताना समोरचे नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकून तो मरतो. साम आणि रामदेवरा येथे त्याची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालते, परंतु ती केंद्रे पर्यटकांनी जाऊन पाहण्याची ठिकाणे नव्हेत. इतक्या दुर्मिळ आणि बुजऱ्या पक्ष्याजवळ वीस-बावीस मुलांचा जथा नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. सामच्या टेकड्यांवरील तंबू, नाचगाणी आणि उंटांच्या रांगा यांत मुले रमतील हे खरे, पण त्यासाठी अभयारण्याचे नाव घेण्याचे कारण नाही.

आमच्याकडच्या कातळसड्याला लोक पडीक म्हणतात, आणि पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर काय काय उगवते हे कुणी पाहत नाही. सरकारी कागदांत माळराने आणि रणे यांच्याही वाट्याला हाच ‘पडीक’ शेरा येतो. मुलांना रण दाखवून आणल्यावर ऑगस्टमध्ये आपल्या तालुक्यातील एखाद्या सड्यावरही जरूर न्यावे.

वेंगुर्ल्याची_माई

मास्तर, पक्ष्यांसाठी एक सकाळ पूर्ण राखून ठेवा. बजाण्याच्या बाजूला पाणथळ जागा आहेत. तिथे हिवाळ्यात लहान आणि मोठे रोहित (फ्लेमिंगो), पाणकोळी आणि बदकांचे थवे असतात. क्रौंच आणि कांड्या करकोचे पहाटे रात्रीच्या मुक्कामावरून उठून शेतांकडे जातात, तेव्हा त्यांचा आवाज आधी ऐकू येतो आणि थवे मागाहून दिसतात. कोरड्या भागात चंडोल, रणगप्पीदास, जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्ये आणि नशीब चांगले असेल तर माळढोकाच्या कुळातला हौबारा दिसतो. आपली मुले समुद्रपक्ष्यांना सरावलेली आहेत. कुरव आणि तुतवार ओळखणारी मुले इथे पटकन रुळतील.

दुसरी गोष्ट अगरियांची. पावसाळा ओसरला, की ही कुटुंबे मुलाबाळांसह रणात राहायला येतात, विहिरी खणून जमिनीखालचे खारे पाणी उपसतात आणि उन्हाळा संपेपर्यंत मीठ पिकवतात. उरण-पेणकडची मिठागरे भरतीच्या पाण्यावर चालतात. इथले भूजल समुद्राच्या पाण्याहूनही कितीतरी खारट असते. पूर्वी पंपाच्या डिझेलमध्येच त्यांची बरीच कमाई जात असे. आता पुष्कळ ठिकाणी सौरपंप आले आहेत. जानेवारीत वाफ्यांमध्ये स्फटिक धरू लागलेले असतात आणि माणसे अनवाणी उतरून लाकडी दाताळे फिरवत असतात. मुलांना हे अवश्य दाखवा, परंतु त्या घरच्या माणसांना विचारूनच वाफ्याजवळ जावे, चहाचा आग्रह झाला तर दोन-चार जणांनीच घ्यावा, आणि त्यांचे गोडे पाणी मुळीच वापरू नये. ते टँकरने, अनेक दिवसांच्या अंतराने येते.

केळशीकर_मास्तर (दापोली)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. लहान रण नक्की केले. आता दोन शंका उरल्या आहेत. ज्या निवासाशी बोलणे चालू आहे, त्यांनी प्रखर दिवा घेऊन रात्रीची फेरी आणि खोकडाच्या (लहान कोल्ह्याच्या) बिळापर्यंत पायी जाणे, असे दोन कार्यक्रम सुचवले आहेत. मुले हे ऐकूनच हरखून गेली आहेत. माईंना आणि खाडीकाठ यांना काय वाटते?

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर, दोन्हींना नम्रपणे नकार द्यावा, असे मी सुचवेन. रातवा हा रात्री फिरणारा पक्षी जमिनीवरच बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांवर झोत पडला, की तो दिपून जागीच थिजतो, आणि मग गाड्या अगदी जवळ जातात. वेळासला आपल्या मुलांनी विजेरी न लावता कासव पाहिले आहे, त्यामुळे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्याऐवजी रात्री निवासाच्या आवारातले दिवे मालवायला सांगून मुलांना चटईवर आडवे करून तारे दाखवावेत. जानेवारीत मृग नक्षत्र संध्याकाळीच चांगले वर आलेले असते.

खोकडाच्या बिळाला बहुधा अनेक तोंडे असतात. माणसे पायी जवळ आली, की ते आतच दडून बसते. गाडीतून, दुरून मात्र ते सकाळच्या उन्हात बिळाबाहेर बसलेले सापडते. मुलांना शेपटीचे टोक पाहायला सांगावे : पांढरे असेल तर वाळवंटी खोकड, काळे असेल तर आपल्याकडच्या माळांवरचे साधे खोकड. रणाच्या कडेला दोन्ही दिसू शकतात.

पहिल्या दिवशी दुपार कलल्यावर घुडखर आणि बेटांचा भाग, दुसऱ्या पहाटे पाणथळ जागा, तिथून परतताना अगरियांचे वाफे, असा क्रम ठेवला तर धावपळ होणार नाही. भर दुपारी फिरू नये. त्या वेळी मृगजळामुळे दूरचे घुडखर पाण्यात उभे असल्यासारखे दिसतात आणि दुर्बिणीतूनही रेषा हलत राहतात. एखादे चौकोनी घर किंवा टँकर त्या वेळी मुद्दाम दाखवावा, प्रकाशाच्या वक्रीभवनाचा धडा तिथेच होईल. कोकणातल्या मुलांना उघड्या जीपमधला पहाटेचा वारा झेपत नाही, म्हणून कानटोपी, स्वेटर आणि पायमोजे प्रत्येकाजवळ असलेच पाहिजेत. एका जीपमध्ये सहापेक्षा अधिक मुले बसवू नयेत आणि सर्व गाड्या एकाच कळपापाशी न थांबवता वेगवेगळ्या बाजूंना पाठवाव्यात. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र आणि मुलांची यादी आगाऊ पाठवून वन खात्याच्या बजाणा येथील कार्यालयाला कळवून ठेवलेत, तर प्रवेशाच्या वेळी खोळंबा होणार नाही.