बाबांच्या मेंदूत बारीक नसांभोवती सूज आहे म्हणतात, हा मेंदूज्वर आहे का?

धाकटी सून, दारव्हा तालुका:
आमचे सासरे 72 वर्षांचे. पाय घासत चालतात, ओसरी उतरताना एक चप्पल मागेच राहते आणि त्यांना कळतही नाही. नावं, नाती, जुनं सगळं आठवतं. पण कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशोब कायम त्यांच्याकडेच असायचा. यंदा किलो लिहिले की भाव सुटतो, भाव धरला की किलो. नागपूरला एमआरआय केला. बारीक रक्तवाहिन्या खराब, पांढरे डाग, दोन-तीन ठिकाणी सूक्ष्म रक्तस्राव असं आलं. त्याभोवती सूजही असते, असं डॉक्टर म्हणाले. गावात एक जण सूज उतरायचं स्टिरॉइडचं इंजेक्शन देतो म्हणतात. देऊ का? घरात सगळे घाबरलेत.

मेडिसिनचा डॉक्टर, अमरावती:
ताई, देऊ नका. मेंदूज्वर वेगळा. 1965 मध्ये नागपूरजवळ सापडलेला चांदीपुरा विषाणू ताप आणून लहान मुलांना काही तासांत अत्यवस्थ करतो. बाबांचं दुखणं वर्षानुवर्षांचं आहे. बीपीनं बारीक नसांच्या भिंती जाड, कडक होतात आणि आतलं अस्तर गळू लागतं. फायब्रिनोजेनसारखी रक्तातली प्रथिनं मेंदूत झिरपतात. तिथल्या राखणदार पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, चवताळतात आणि त्यात मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टनही खराब होतं. हे तंतू मेंदूच्या पुढच्या भागाला बाकीच्यांशी जोडतात. म्हणून नावं शाबूत राहतात, पण चाल आणि हिशोब बिघडतो.
नसांत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचून येणाऱ्या एका दुर्मीळ प्रकारात स्टिरॉइड देतात, पण ते न्यूरोलॉजिस्टनं ठरवायचं. एरवी त्यानं बीपी आणि साखर वाढेल, बस. रक्तस्रावाचे ठिपके आहेत, तेव्हा अ‍ॅस्पिरिनही मनानं सुरू करू नका.

सिस्टर, आरोग्य उपकेंद्र:
बीपीची गोळी डोकं दुखलं तरच घेतात का बाबा? आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची ही सवयच आहे. तंबाखूचा खर्रा खातात?

धाकटी सून:
दोन्ही, सिस्टर. खर्रा तर दिवसभर तोंडात.

डॉक्टर:
मग इलाज तिथंच आहे. 2019 च्या अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात वरचं बीपी 120 च्या खाली ठेवायचा प्रयत्न केलेल्यांचे पांढरे डाग कमी वाढले. बाबांचा आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील. एकदम उतरवलं तर चक्कर येऊन पडतील.

सिस्टर:
उपकेंद्रात या, बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही मोजते. गोळ्या फुकट मिळतात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा जीभ अडखळली, तर माझी वाट न पाहता 108 लावा.

धाकटी सून:
इंजेक्शनला नाही म्हणून कळवलं. उद्या बाबांना घेऊन येते. खर्ऱ्याचं तुम्हीच बोला सिस्टर, आमचं ऐकत नाहीत.