पावसासाठी मागणं आणि पावसानंतरची उपकारस्तुती : तुमच्या चर्चच्या मंडळीतले अनुभव लिहा

माळावरची
सलाम सगळ्यांना. काल रात्री पाथर्डीहून भावाने व्हिडिओ पाठवला. विजेच्या उजेडात बाजरीच्या रानातून पाणी वाहतंय आणि मागून आईचा आवाज, "देवा, तुझे उपकार." बाकी काही नाही. पण तेवढ्याने २०१३ चा उन्हाळा डोळ्यांपुढे उभा राहिला. जनावरं छावणीत, आण्णा तिथेच मुक्कामी, घरी आम्ही टँकरच्या नंबरात. चर्चने साखळी प्रार्थना लावली होती, घरटी एक तास. आमच्या वाट्याला पहाटे चारचा आला. गोधडी अंगावर घेऊनच गुडघे टेकायचो.

आई नुसतं "पाऊस दे" म्हणून थांबायची नाही. घरं घेत जायची. वरच्या वस्तीची विहीर, मावशीची गाभण गाय, शाळेची टाकी. एका पहाटे तिने बांधावरून ज्यांच्याशी आमची कोर्टात तारीख चालू होती, त्यांच्या बोअरलाही पाणी मागितलं. भाऊ डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागला. आईचे डोळे मिटलेलेच, तरी त्याच्या पाठीत चापट बसली! देव नीतिमान आणि अनीतिमान दोघांवर पाऊस पाडतो, हे मत्तय ५:४५ मी संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं. घरात घडताना तेव्हा पाहिलं.

त्या जूनमध्ये पाऊस झाला. पण मागायला चर्च गच्च भरायचं आणि आभाराच्या रविवारी निम्म्या चटया रिकाम्या, हे मला अजून खटकतं. पेरणीची घाई होती, मान्य. तरी लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी आठवतात. बरे झाले दहा, परत आला एक. म्हणून म्हटलं, आभाराबद्दल लिहू या. तुमच्याकडे कसं असतं?

काळीभोर
आमेन ताई. इकडे गेवराईत अजून आभाळ कोरडंच. कापूस माना टाकायला लागलाय. प्रार्थनेत ठेवा. बाकी नंतर लिहितो, लाईट आलीय, मोटर चालू करायचीय

माळावरची
ठेवलं दादा. आईलाही कळवते, तिच्या यादीत गेवराई घालते.

आजीची_नात
आजी नेवाशाकडची, वडाळा मिशनच्या बाजूची. बहात्तरला दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. दुपारी सुकडी वाटायच्या आधी बायका हातोड्या खाली ठेवून उभ्या राहायच्या आणि आजी गाणं धरायची. ख्रिस्ती बायका चार-पाचच, बाकी बहुतेक माळकरी. त्या टाळ्यांवर ताल धरायच्या. गाणं कुणाचं हे कुणी विचारलं नाही म्हणे.
मिलोची, म्हणजे दुष्काळात मिळालेल्या लाल ज्वारीची, लाल भाकरी तिला शेवटपर्यंत आठवायची. दरवर्षी पहिल्या पावसाच्या पाण्याचा एक तांब्या भरून बायबलाशेजारी ठेवायची. संध्याकाळची भक्ती होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग सगळ्यांना घोट घोट. आम्ही अजून करतो, फ्लॅटच्या गॅलरीत पातेलं लावून 🙏

वसईची_वाडी
किती सुंदर गं. आमच्याकडे उलटंच, जुलैत म्हणतो, बाबा आता जरा थांब. कॅथलिक मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) ग्रंथात पावसासाठीही प्रार्थना आहे आणि चांगल्या हवेसाठीही. दोन्ही लागतात.

नगरी_नाना
ताई ते चांगल्या हवेचं पान जरा झाकून ठेवा, आमच्या वाटणीचे ढग परत जातात 😀

वसईची_वाडी
😀 पत्ता द्या नाना, इकडचे पाठवते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन लोकांचा, म्हणजे इकडच्या मूळ कॅथलिकांचा, आगेरा हा सुगीचा सण असतो. भाताच्या लोंब्या आशीर्वादाला नेतात. त्या दिवशी तुमच्या भागासाठी मागेन, खरंच.

पाळकाचा_पोरगा
सगळे पाऊस आल्याचं लिहिताय. न आल्याचंही लिहायला हवं.

२०१५. दुबार पेरणी झाली, तीही गेली. बाबा तेव्हा परांडा भागात पाळक (चर्चचे पास्टर) होते. दुष्काळात प्रत्येक चर्चमध्ये बायबलातलं १ राजे १८ घेतात, एलीया संदेष्टा, कर्मेल डोंगर, तळहाताएवढा ढग आणि मग पाऊस. बाबा ढगापर्यंत जाईचनात. एलीया गड्याला समुद्राकडे बघायला पाठवतो आणि तो येऊन सांगतो, काही नाही. बाबा तिथेच थांबायचे. म्हणायचे, आपण आज या ओळीवर आहोत. एका रविवारी यिर्मया १४ वाचलं. शेतकरी डोकं झाकून घेतात, गवत नाही म्हणून हरिणी पाडसाला टाकून जाते. वाचून झालं आणि पुढे उपदेशच केला नाही. बसले.

त्यातच एक बाहेरचे उपदेशक आले आणि बोलून गेले की तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून पाऊस अडलाय. मला आजही राग येतो. ज्या बाईने मंगळसूत्र मोडून बियाणं आणलं तिला हे ऐकवायचं? पुढच्या रविवारी बाबांनी उभं राहून सांगितलं, यिर्मयाचा विश्वास कमी नव्हता, त्याच्याही देशात पाऊस पडला नाही. माझ्या लेखी तो त्यांचा सगळ्यात मोठा उपदेश.

सुगीचा सण ठेवावा की नाही यावर चर्चच्या वडीलमंडळींत वाद झाला. ठेवला. लोकांनी दाणा न भरलेली कणसं आणली. एक काका बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन आले, नीट घडी घातलेली, आणि टेबलावर ठेवली. बाबांनी त्या पिशवीवर हात ठेवून प्रार्थना केली. मग हबक्कूक ३. अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराठायी हर्ष करीन. काका वाचनाबरोबर ओठ हलवत होते, पाठ होतं त्यांना.
त्या वर्षी दोन घरं ऊसतोडीला गेली ती परत गावात आलीच नाहीत.

माळावरची
दादा, वाचून थांबले. तुमच्या बाबांना सलाम सांगा.

पाळकाचा_पोरगा
सांगतो. सध्या ऐकायला कमी येतं, पण खुणेने सांगतो.

मिरजकर
त्याच्या पुढचंच वर्ष. एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. रविवारी आमच्या मंडळीत लातूरसाठी प्रार्थना आणि तिकडे स्टेशनात वाघिणी भरणं चालू. भाऊजी रेल्वेत, ड्युटीवरून थेट चर्चला यायचे, बूट ओलेच.

हापशी
जालन्याहून लिहितोय. आमच्याकडे प्रार्थनेइतकाच हापशीचा इतिहास आहे. साठ-सत्तरच्या दशकात बिडाचे हातपंप सारखे मोडायचे. जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या लोकांनी खडकात बोअर घेतले आणि पोलादी पंप बनवले. सोलापूर पंपावरूनच पुढे युनिसेफ आणि सरकारने इंडिया मार्क टू काढला, तोच जो गावोगावी दिसतो. आमच्या चर्चमागे एक आहे, अजून चालू. उपकारस्तुतीच्या दिवशी मुलं त्याला झेंडूची माळ घालतात. काही जणांना ते आवडत नाही, मूर्तिपूजा म्हणतात. मी म्हणतो माळ पंपाला नाही, आभाराला आहे.

आजीची_नात
आमच्याकडे अशा माळेवरून दोन गट पडतील 🙂

रबीची_राणी
लिलावाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?? सुगीच्या सणाची खरी मजा तीच. आमच्या चर्चमध्ये एक डांगर तीनदा विकलं गेलं, घेणारा परत अर्पण करतो आणि पुन्हा बोली. अंड्यावर पण बोली. शेवटी डांगर पाळकीणबाईंकडे आणि प्रीतिभोजनात सगळ्यांच्या ताटात. जावई आलेत चहा टाकायचाय, नंतर लिहिते

नगरी_नाना
अंड्याची बोली आमच्याकडे पन्नासच्या वर जायची, पोल्ट्रीवाला सभासद कपाळाला हात लावायचा 😀

विषय पाण्याचा आहे तर फादर हर्मन बाखर यांचं नाव यायलाच हवं. स्वित्झर्लंडचे, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू, १९४८ ला भारतात आले आणि नगर जिल्ह्यात आयुष्य काढलं. त्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम उभं केलं. १९९३ ला वॉटर (WOTR) ही पाणलोटाचं काम करणारी संस्था सुरू झाली त्यात ते होते. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी बघून या. उतारावर समतल चर, गावाने स्वतः केलेली चराईबंदी, श्रमदान. मी तरुणपणी त्या बाजूला चर खोदलेत. बाया आधी हात जोडायच्या, कुणी विठ्ठलाला, कुणी येशूला, मग टिकाव उचलायच्या. पडलेला थेंब वाहून जाऊ दिला तर कसली उपकारस्तुती? चर खोदणं हाच माझ्या मते आभाराचा अर्धा भाग. २०२१ ला फादर गेले.

हापशी
नाना शंभर टक्के. आमच्या तरुण संघाने यंदा चर्चच्या पत्र्याचं पाणी बोअरजवळ मुरवायला खड्डा घेतलाय. वाळू-खडीचे थर किती जाड ठेवायचे?

नगरी_नाना
तळाला मोठे दगड, वर खडी, सगळ्यात वर वाळू. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडा, पत्र्यावरची घाण असते. आणि दरवर्षी वाळूचा थर काढून धुवा, लोक तेच करत नाहीत. फोटो टाका, बघून सांगतो.

काळीभोर
आत्ता थेंब आले!! वारा आहे, टिकतो का बघू

माळावरची
आई म्हणते थांबू नका मागायचं

रबीची_राणी
दादा 🙏🙏 हरेगावला यंदा कोण कोण चाललंय? सप्टेंबरात मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला आम्ही परभणीहून निघणार, सासूबाई पहिल्यांदाच. नवसाची कणसं न्यायची म्हणतात.

वसईची_वाडी
मी येणार! कधीची इच्छा आहे. ट्रेनने कुठे उतरायचं?

नगरी_नाना
तिकीट बेलापूरचं काढा, श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव ते आहे. पुढे हरेगाव जवळच. सासूबाईंना घेऊन येताय तर गर्दीच्या आदल्या दिवशी पोहोचा, नोव्हेनाची (यात्रेआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेची) शेवटची मिस्सा पण मिळेल.