लिखाणावर टीका झाली की तुम्ही काय करता?

कथा, कविता, लेख, भाषांतर, जे काही लिहीत असाल त्यावर टीका झाली तेव्हा काय केलंत? उत्तर दिलंत, गप्प बसलात, पुन्हा लिहिलंत, की लिहिणंच थांबलं? 'मी टीकेकडे सकारात्मक दृष्टीने पाहतो' छापाची वाक्यं नकोत. ती मुलाखतीत ठीक.

सुरुवात थॉमस हार्डीपासून करतो. १८९५ साली आलेल्या त्याच्या कादंबरीवर एवढी झोड उठली की एका बिशपने ती आगीत टाकल्याचं स्वतः जाहीर केलं. हार्डीने त्यानंतर नवी कादंबरी लिहिली नाही. १९२८ मध्ये जाईपर्यंत तो कविता लिहीत राहिला. मला हे पराभवासारखं वाटत नाही, पण मतभेद होऊ शकतात.

खोडरबर
मी कथा लिहिते. संपादकांकडून हस्तलिखित परत आलं, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात खुणा. सुरुवातीच्याच एका संवादापाशी: 'हे कोण बोलतंय?' खाली पुन्हा तेच. त्याच्या खाली नुसतं प्रश्नचिन्ह. आधी भयंकर राग आला. म्हटलं, नीट वाचलं तर कळेल की! काही दिवस ते पाकीट कपाटावर पडून होतं. मग प्रसंग मोठ्याने वाचून पाहिला. मावशी, भाची आणि शेजारीण, तिघी एकाच सुरात बोलत होत्या. 'ती म्हणाली', 'ही म्हणाली' घालून भागणार नव्हतं. शेजारणीला प्रसंगातून उठवलं आणि मावशीची वाक्यं अर्धवट तोडली. समासातल्या त्या तीन शब्दांचा जेवढा उपयोग झाला, तेवढा 'कथा भिडली नाही' या अभिप्रायाचा कधीच झालेला नाही. भिडली नाही म्हणजे कुठे, काय करू मी त्याचं?

अर्धविराम
कवींचा विषय निघाला की कीट्सला परीक्षणांनी मारलं, हे कुणीतरी म्हणतंच. तो १८२१ मध्ये क्षयाने गेला. १८१८ च्या जहरी परीक्षणांनंतर त्याने एका पत्रात लिहिलं होतं की त्याहून कितीतरी जास्त वेदना त्याला स्वतःच्याच परीक्षणाने होते. आणि पुढच्याच वर्षी त्याने त्याच्या गाजलेल्या ओड्स (कशाला तरी उद्देशून लिहिलेल्या भावकविता) लिहिल्या. माझंही थोडं तसंच (ओड्स सोडून!). बाहेरच्यांनी झोडपलं तर एक दिवस जेवण जात नाही, पण स्वतःची जुनी ओळ खटकली की आठवडा जातो.

भांडखोर
मी उत्तर देते. नेहमी नाही, पण देते. माझ्या कथेतला नवरा बायकोवर हात उगारतो आणि कथेत त्याला शिक्षा होत नाही. म्हणून लेखिकेला हे मान्य आहे, असं एका गृहस्थांनी लिहिलं. यावर गप्प बसणं मला जमत नाही. शैलीला हवी तेवढी नावं ठेवा, पण पात्राचं पाप माझ्या माथी नको.

टोपणनाव
मी विनोदी लिहितो, त्यामुळे 'हसू आलं नाही' याला उत्तरच नसतं. वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये स्वतःच्याच कवितासंग्रहाची निनावी परीक्षणं छापून आणली होती, भरपूर कौतुकाची. कल्पना वाईट नाही.

तिसरा खर्डा
आमच्या लेखनगटात चर्चा संपेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. नियम चांगला, कारण पुस्तक विकत घेणाऱ्याच्या शेजारी खुलासा करायला आपण बसलेलो नसतो. पण नंतर मी एकच विचारतो: वाचणं सोडून द्यावंसं कुठे वाटलं?

मागच्या कथेचा शेवट तिघांना खटकला. एक म्हणे छोटा कर, दुसरी म्हणे समजावून सांग, तिसऱ्याला तो बदलूनच हवा होता. तिघांचे उपाय तीन दिशांना. मी शेवटाला हात लावला नाही. शेवटी सापडणारं वडिलांचं पत्र आधीच्या प्रसंगात आणलं. मुलगी ते न उघडता पुस्तकात ठेवून देते. मग शेवटी ते उघडताना वाचक तिच्याबरोबर ताटकळलेला असतो. दुखणं शेवटात जाणवत होतं, मूळ मात्र आधी होतं.

खोडरबर
तिसरा खर्डा, मग त्या तिघांना पटलं का?

तिसरा खर्डा
दोघांना. तिसरा अजूनही म्हणतो, शेवट बदल.