बार्शी जमते, सोलापूर अडतं

मूलद्रव्यांच्या इंग्रजी संज्ञा जोडून शब्द बनवायच्या खेळात 'पाणी' बसतं (पीए-एन-आय, म्हणजे अणुक्रमांकांत 91-7-53), ते मस्तच. पण इंग्रजी स्पेलिंगने गावांची नावं घेऊन पाहा, खरी रंगत तिथे आहे. आमचं सोलापूर गंधक, ऑक्सिजन, लँथनम, प्लुटोनियमपर्यंत झकास जातं आणि शेवटच्या 'आर'ला अडतं. नुसत्या 'आर' संज्ञेचं मूलद्रव्यच नाही, 'यूआर'ही नाही. पंढरपूरही त्यामुळे बाद. बार्शी मात्र अख्खी बसते: बोरॉन, अरगॉन, गंधक, हायड्रोजन, आयोडीन. सुरुवातीला बेरियम घेतलंत तर फसाल! 'जे' असलेल्या नावांच्या वाटेला जाऊच नका, 118 मूलद्रव्यांच्या संज्ञांत ते अक्षरच नाही.

मुलांना नुसते अणुक्रमांक द्यावेत, संज्ञा आपोआप पाठ होतात. हे सोडवा: 84-2, नाहीतर 15-8-2. उत्तर एकच, सकाळच्या नाश्त्याचं.