छोट्या आयमॅकला ५के? आधी २१८ चं काय ते सांगा

काटकोन
परवा ‘उद्याचं_आज’ यांनी छातीठोकपणे लिहून टाकलं: अ‍ॅपलचा २४ इंची आयमॅक (स्क्रीनमध्येच कॉम्प्युटर) २०२१ पासून ४.५के वरच आहे, म्हणजे आडवे साधारण साडेचार हजार पिक्सेल, म्हणजे पुढच्या मॉडेलला ५के पक्कं, वर १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) आणि ओलेडही (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारी स्क्रीन). खाली सगळ्यांचं ‘वा वा’. तिथे मावेना म्हणून वेगळा धागा.

पक्कं कशावरून? २०१४ चा २७ इंची ५के घ्या: ५१२० × २८८०, म्हणजे २१८ पीपीआय (इंचाला इतके पिक्सेल). २०१५ चा २१.५ इंची: ४०९६ × २३०४, पुन्हा २१८. २०२१ चा ‘२४ इंची’, जो मोजला तर २३.५ भरतो: ४४८० × २५२०, परत तेच. अ‍ॅपलचा २७ इंची वेगळा मॉनिटर स्टुडिओ डिस्प्ले तेच, ३२ इंची ६के तेच. पिक्सेल वाढले तेव्हा दरवेळी काच मोठी झाली, घनता जागची हलली नाही.

कारण उघड आहे. मॅकओएस बरोबर दुपटीवर सुंदर दिसते, एका बिंदूच्या जागी चार पिक्सेल. २३.५ इंचात ५के कोंबलं की २५० पीपीआय. दुपटीवर चालवा, मेनूपासून अक्षरांपर्यंत सगळं तेराएक टक्के बारीक. नको असेल तर अपूर्णांकात स्केल करा आणि ग्राफिक्सला कामाला लावा. त्यात पिक्सेल १.१३ कोटींवरून १.४७ कोटींवर. एवढं करून हाती काय?

उद्याचं_आज
आकडे छान मांडलेत. फक्त सोयीचे तेवढेच मांडलेत. २०१२ चा १५ इंची रेटिना मॅकबुक प्रो २२० पीपीआयचा होता. २०२१ चा १४ इंची २५४ चा. म्हणजे तीच कंपनी, तीच दुप्पट, आणि घनता वाढली. लॅपटॉपला चालतं ते डेस्कटॉपला का चालू नये?

काटकोन
कारण लॅपटॉप नाकाजवळ असतो. डेस्कटॉप हातभर लांब.

चाळशी
अंतर काढलंतच तर हिशेबही करा. सामान्य नजर एका मिनिट कोनापर्यंत (अंशाचा साठावा भाग) दोन बिंदू वेगळे ओळखते. ६० सेंमीवरून हे साधारण १४५ पीपीआय होतं. म्हणजे २१८ हेच आधी जास्तीचं आहे. माझं वय पन्नाशीपुढचं. मी तर सेटिंगमध्ये जाऊन सगळं मोठं करून ठेवलंय. ही ५के-६के ची चढाओढ पंचविशीतल्या पोरांची.

रफार
चाळशी, हा एक मिनिटाचा नियम दरवेळी अर्धाच सांगितला जातो. दोन बिंदू वेगळे दिसणं निराळं आणि तिरक्या रेषेतली पायरी जाणवणं निराळं. रेषा किंचित सरकली तर डोळा त्या मर्यादेपेक्षा कितीतरी बारीक फरक टिपतो.

मी दिवसभर देवनागरी मजकूर लावते. १०० पीपीआयच्या स्क्रीनवर बारीक टाइपात ‘ध’ आणि ‘घ’ सारखेच, ‘भ’ आणि ‘म’ सारखेच, रफारावर अनुस्वार आला की वर नुसता डाग. इंग्रजीवाल्यांना हे भोगावं लागत नाही म्हणून ‘पुरे की एवढं’ म्हणणं सोपं जातं. त्यात २०१८ च्या मोहावी या मॅकओएस आवृत्तीपासून उपपिक्सेल स्मूदिंग (पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांनी अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणं) मुळातच बंद ठेवलं गेलं, त्यामुळे कमी घनतेची स्क्रीन मॅकला जोडली की अक्षरं आणखी भुरकट. ज्यांनी २१८ वर एकदा मुद्रितं तपासली ते मागे जात नाहीत. २५० झालं तर मला चालेल. पाय धरून मागणार नाही, पण चालेल.

आणि ओलेडची घाई करणाऱ्यांनी मॉनिटरवरच्या काही ओलेड पॅनेलांची उपपिक्सेलांची मांडणी पाहिली आहे का? सरळ पट्ट्या नसून त्रिकोण असतो, आणि काळ्या अक्षराच्या कडेला हिरवी-जांभळी झाक दिसते. शिरोरेघेवर तर विशेष.

सुटा_मॉनिटर
तुम्ही सगळे पीपीआय मोजत बसा. मुळात स्क्रीन कॉम्प्युटरला का चिकटवायची, यावर कोणी बोलेल का? माझ्याकडे एक ऑल-इन-वन आहे. कंपनीचं नाव घेत नाही. बोर्ड गेला. दुरुस्तीचं जे सांगितलं त्यात नवं मशीन येतं. पॅनेल मात्र झकास, एक पिक्सेल मेलेला नाही. आणि ते बाहेरून काही जोडूनच घेत नाही! बैल मेला म्हणून गाडीही जाळायची, असा हा न्याय. आता यात रिझोल्यूशन वाढवा म्हणताय. म्हणजे फेकायचा माल जास्त महागडा.

काटकोन
धाग्याचा विषय तो नाही.

सुटा_मॉनिटर
तोच आहे. पॅनेल जेवढं भारी, तेवढं ते प्रोसेसरपेक्षा जास्त टिकणार. २००९ ते २०१४ च्या साध्या आयमॅकना टार्गेट डिस्प्ले मोड होता, केबल लावली की झाला मॉनिटर. ५के आला आणि ती सोय गेली. तुमच्या लाडक्या २१८ ची किंमत ही.

उद्याचं_आज
ती सोय मुद्दाम नाही काढली. डिस्प्लेपोर्ट ही मॉनिटर जोडायची पद्धत, तिच्या तेव्हाच्या १.२ आवृत्तीच्या एका केबलमधून ५के ६० हर्ट्झवर जातच नव्हतं.

सुटा_मॉनिटर
तेव्हा जात नव्हतं, मान्य. २०२१ मध्ये ४.५के सहज गेलं असतं. तेव्हा का नाही दिली? बोला.

उद्याचं_आज
…यावर उत्तर नाही माझ्याकडे. म्हणून लगेच हार घालून घेऊ नका.

चाळशी
मी तर म्हणतो छोटा डबा वेगळा, मॉनिटर वेगळा. मॅक मिनी घ्या, वाद मिटला.

रफार
मिटला कुठे? मॉनिटर कुठला घेणार? २७ इंची ४के म्हणजे १६३ पीपीआय. मॅकवर दुपटीला सगळं ढोबळ, एकपटीला सगळं मुंगीएवढं. मधलं निवडलं की पुन्हा अपूर्णांक. आयमॅक घेणारे लोक मूर्ख नाहीत, त्यांना ही कटकट नको असते.

काटकोन
हेच तर मी पहिल्या प्रतिसादापासून सांगतोय. घनतेचं गणित नीट बसलंय म्हणून ते हलवणार नाहीत. छोट्याला काही मिळालंच तर १२० हर्ट्झ मिळेल, कारण त्यात अक्षरांचा आकार बदलत नाही. ५के हवं असेल त्यांनी २७ इंचाची वाट पाहा. मात्र मार्च २०२२ मध्ये तोच २७ इंची आयमॅक बंद करून स्टुडिओ डिस्प्ले पुढे केला, हेही लक्षात असू द्या.

उद्याचं_आज
म्हणजे १२० हर्ट्झ तुम्हीही धरलंत! परवा मी लिहिलं तेव्हा दिवास्वप्न, आज तुम्ही लिहिलं की विश्लेषण. ‘पक्कं’च्या जागी ‘शक्य’ वाचा, आणि खूश व्हा.

स्क्रूड्रायव्हर
वरच्या मारामारीत पडत नाही. सुटा_मॉनिटर, पॅनेल फेकू नका. मागच्या स्टिकरवर पॅनेलचा मॉडेल नंबर असतो, तो पाहून त्याच पॅनेलचा कंट्रोलर बोर्ड (बाहेरून आलेलं चित्र पॅनेलवर दाखवणारा) मिळतो का बघा. जुन्या ५के आयमॅकचे लोक असेच मॉनिटर करतात. डिस्प्लेपोर्ट १.४ वाला बोर्ड घेतला की एका केबलवर पूर्ण ५के ६० हर्ट्झला चालतं. कॅमेरा बहुधा जातो. काच चुंबकावर आहे की चिकटपट्टीने डकवलेली? आयमॅकमध्ये २०१२ अखेरच्या बारीक कडेच्या मॉडेलपासून पट्टी आहे. ती कापताना वरच्या मधल्या भागात घाई करू नका, तिथेच कॅमेरा असतो.

सुटा_मॉनिटर
पट्टीच आहे. आतला पॉवर सप्लाय चालेल का त्या बोर्डाला?

स्क्रूड्रायव्हर
नाही, वेगळा अडॅप्टर घ्या. आतला काढायचाच असेल तर प्लग काढून बराच वेळ जाऊ द्या आणि तरीही उघड्या टोकांना हात लावू नका. कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.