स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) : रबर कपलिंग बदलायचं की बॉक्स आवळायचा?

टेम्पोवाला_हडपसर
2008 ची डिझेल पिकअप, पॉवर स्टिअरिंग, खाली रॅक नाही, बॉक्स (स्टिअरिंगचा गिअरबॉक्स) आहे. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे हलतं, चाकं ढिम्म. खड्ड्यात आपटली की पायाशी खट्ट वाजतं. बॉनेट उघडलं तर कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) आणि बॉक्सच्या मधल्या कपलिंगच्या रबर चकतीचे पदर सुटलेत, कडेने दोरे लोंबतायत, वर तेलाचं किटण. एक मिस्त्री म्हणतो बॉक्सचा स्क्रू आवळू, दुसरा म्हणतो कपलिंग बदला. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. घरी जमेल का?

पाना_तेरा
स्क्रूला हात लावू देऊ नका. तो बॉक्सच्या आतल्या दातांचा मेळ बसवायला असतो, चकतीतला प्ले त्याने जात नाही. उगाच आवळला तर मधल्या जागी दात घट्ट बसतात आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही.

आधी खात्री करा. गाडी चाकांवर उभी, जॅकवर नको. इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग हळू डावं-उजवं हलवायचं, तुम्ही एक हात कपलिंगच्या वरच्या फ्लँजवर (चकतीला धरणारा धातूचा तुकडा) आणि एक खालच्यावर ठेवा. वरचा फिरला आणि खालचा मागाहून आला तर दोष चकतीत. दोन्ही बरोबर फिरले पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा हात) उशिरा हलला तर बॉक्स. आर्म हलला आणि चाक नाही, तर टाय रॉड-ड्रॅग लिंक या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे बॉल बघा.

घरी जमतं. आदल्या रात्री स्प्लाइन (शाफ्टवरचे दात) आणि बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. चाकं सरळ करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, स्टिअरिंग बांधून टाका. मग शाफ्ट आणि कपलिंग दोन्हीवरून जाणारी एकच सरळ रेघ व्हाइटनरने ओढा, वर एक, खाली एक. रेघ नसली की पुढे सगळा अंदाजपंचे कारभार.

आता खरी गोम. शाफ्टला आडवी खाच असते आणि क्लॅम्पचा बोल्ट त्या खाचेतून जातो. बोल्ट नुसता ढिला करून कपलिंग निघत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. इथेच लोक हातोडी उचलतात. शाफ्टवर ठोकलं तर खाली बॉक्सच्या बेअरिंगला मार बसतो. वर धडकेत दबणारा कॉलम असेल तर त्याच्या आतल्या प्लॅस्टिक पिना तुटतात आणि नवीन कपलिंग टाकूनही खडखड राहते. क्लॅम्पच्या फटीत छिन्नी हलकेच बसवा, फट किंचित उघडली की कपलिंग हाताने सरकतं. सरकायला जागा नसेल तर डॅशखालचे कॉलमचे बोल्ट सैल करून शाफ्ट वर घ्या.

बसवताना स्प्लाइन तारेच्या ब्रशने साफ करा, ग्रीस अगदी पुसटसं लावा, रबराला लागू देऊ नका. जुन्या चकतीवरची रेघ मोजून नव्यावर उतरवा. बोल्ट 8.8 ग्रेडचा नवा, नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला). बोल्ट आठ एमएमचा (13 चा पाना) असेल तर साधारण 25 न्यूटन-मीटर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. कॉलम शेवटी आवळा. चकती पापडासारखी सपाट दिसली पाहिजे. पोट काढून बसली म्हणजे कॉलम खाली दाबला गेलाय, अशी चकती लवकर फाटते.

नानापेठ_स्पेअर
वरचं सगळं ठीक, पण तेल कुठून आलं ते कुणी विचारलंच नाही. हे तेल रबर फुगवतं. बॉक्सच्या वरच्या तोंडाचं सील किंवा पाइपची क्लिप गळत असेल तर ते आधी करा, नाहीतर नवी चकतीही तशीच सडेल.

पार्ट घ्यायला नाना पेठेत जाल तेव्हा जुना तुकडा सोबत न्या. स्प्लाइनचे दात मोजा आणि शाफ्टची जाडी व्हर्नियरने घ्या, मॉडेलच्या नावावर विसंबू नका. चकती रिव्हेटने जोडलेली असेल तर पूर्ण कपलिंगच घ्या. जुन्या बाजारातलं नको. टायर कापून चकती करून देणारेही भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार.

पाना_तेरा
काही जण रबर काढून क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) बसवतात. दोन क्रॉसचा मधला शाफ्ट असेल तर दोन्ही काटे एका रेषेत हवेत, नाहीतर एका फेऱ्यात स्टिअरिंग दोनदा जड, दोनदा हलकं लागतं. मूळ गाडीला रबर असेल तर रबरच ठेवा.

आरटीओ_रांगेत
पासिंगबद्दल : केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 98 बघा. स्टिअरिंग व्हीलवर 30 अंशांपेक्षा जास्त प्ले चालत नाही. 38 सेंमी व्यासाच्या व्हीलच्या कडेवर हे सुमारे 10 सेंमी भरतं. तुमची दोन्हीकडची मिळून चार बोटं म्हणजे 7 सेंमीच्या आसपास, कागदावर पास. पण त्याच नियमात बोल्ट पक्के लॉक केलेले आणि बॉल जॉइंटवर रबर कॅप हव्यात असंही आहे. फाटक्या कॅप त्याच वेळी बदलून घ्या. फाटकी चकती घेऊन कात्रजचा घाट उतरवू नका, कागद काहीही म्हणो.

टेम्पोवाला_हडपसर
बसवलं. खट्ट आवाज गेला, प्ले जेमतेम अर्धं बोट उरला. आता दोन भानगडी : हॉर्न वाजत नाही आणि स्टिअरिंग थोडं उजवीकडे तिरकं.

पाना_तेरा
हॉर्नचं अर्थिंग कॉलममधून येतं आणि रबर वीज नेत नाही, म्हणून वरच्या-खालच्या फ्लँजला जोडणारी तांब्याची पट्टी असते. जुन्यावरची काढून लावा, किंवा लवचिक वायर टाका. पूर्ण वळणातही ताणली जाता कामा नये.

तिरकं म्हणजे बहुतेक एक दात चुकला. शाफ्टला 36 दात असतील तर एक दात 10 अंश. बोल्ट काढून एक दात मागे घ्या. ड्रॅग लिंक फिरवून सरळ करू नका. व्हील सरळ दिसेल, पण बॉक्स मधल्या जागेवरून सरकेल आणि एका बाजूला वळण कमी पडेल.