कॉम्प्युटरचे पंखे फिरतात, पण स्क्रीनवर ‘नो सिग्नल’

ए-१०२ : नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप महिनाभर बंद होता, भिंतीवरचा स्विचही बंद ठेवला होता. आज बटण दाबलं तर पंखे फिरतात, पुढचा दिवा लागतो, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. सगळे फोटो आणि कराची कागदपत्रं त्यातच आहेत. कुणाला यातलं माहीत आहे का?

डी-६०३ : काकू, विंडोज उडाली असेल. पेनड्राइव्ह आहे माझ्याकडे, फॉरमॅट मारून टाकू.

बी-५०१ : फॉरमॅट अजिबात नको. बटण दाबल्यावर मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) आधी स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर, रॅम (तात्पुरती मेमरी), ग्राफिक्स ठीक असतील तरच बायोस (बोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) डिस्ककडे वळतो आणि मग विंडोज सुरू होते. स्क्रीनवर कंपनीचा लोगोसुद्धा येत नसेल तर गाडं पहिल्याच टप्प्यावर अडलंय. विंडोज नव्याने टाकून ते सुटणार नाही, फोटो मात्र जातील.

काकू, दोन गोष्टी बघून सांगा. मॉनिटरची केबल कॅबिनेटमागे नेमकी कुठे लावली आहे? आणि मशीन चालू करून मिनिटभराने कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं की दिवा लागतो का?

ए-१०२ : केबल वर, यूएसबीच्या जागा आहेत त्याच पट्टीत. खाली आडव्या खाचा आहेत, त्यांवर पत्र्याची झाकणं आहेत. कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही.

बी-५०१ : म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, केबल बरोबर जागी आहे. (कार्ड असतं तर केबल खालच्या आडव्या खाचेत लागते. साफसफाईनंतर चुकून वर लावली की हाच ‘नो सिग्नल’ येतो, फक्त कॅप्स लॉकचा दिवा तेव्हा व्यवस्थित लागतो.) दिवा लागत नाही याचा अर्थ तपासणीच पूर्ण होत नाहीये. माझा पहिला संशय रॅमवर.

सी-३०४ : ताई, पॉवर सप्लाय का नाही? पंखे फिरले म्हणजे सप्लाय ठणठणीत असं नसतं.

बी-५०१ : बरोबर काका, नसतं. पंख्याला जेमतेम वीज लागते, प्रोसेसरला कितीतरी जास्त. पण रॅम काढून बसवायला पाच मिनिटं लागतात आणि एकही पार्ट विकत आणावा लागत नाही, म्हणून आधी तेच. शिवाय महिनाभर बंद राहिलेल्या मशीनमध्ये रॅमच्या पिना दमटपणाने काळवंडणं नेहमीचंच.

काकू, हे याच क्रमाने करा :
• मागची वायर काढा. स्विच बंद करून भागणार नाही, वायरच काढा. मग पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाते.
• प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम सगळं काढा. फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड राहू द्या.
• डावीकडचं झाकण उघडा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर उतरणार नाही.
• रॅमच्या पट्टीच्या टोकाचे क्लिप बाहेर दाबा. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असतो. पट्टी कडेने धरून सरळ वर काढा.

सी-३०४ : पिना पुसायला खोडरबर चालतं, पण मऊ, पांढरं. हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा आणि भुगा कोरड्या ब्रशने झटका. तो भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवीनच दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९० टक्क्यांच्या वरचं असेल तर ते जास्त चांगलं, कापसाऐवजी धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पॉलिश पेपरही नको, सोन्याचा मुलामा निघून जातो.

बी-५०१ : पट्टी परत बसवताना तिच्यातली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. जुळत नसेल तर पट्टी उलटी धरली आहे, जोर करू नका. जुळल्यावर दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं सरळ खाली दाबा, क्लिप ‘खट्’ आवाज करून स्वतः आत यायला हवा. एक टोक बसलं आणि दुसरं केसभर वर राहिलं की लक्षण हेच : पंखे फिरतात, स्क्रीन काळा.

पट्ट्या दोन असतील तर आत्ता एकच लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. चालली नाही तर ती काढून दुसरी. दोन्ही आलटून पालटून नाही चालल्या तर वेगळ्या स्लॉटमध्ये लावून बघा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर दोष नक्की कशात होता ते कळत नाही.

सी-३०४ : उघडलंच आहे तर प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा पॉवर प्लगही दाबून बघा. तो सैल असेल तरी पंखे फिरतात. बोर्डच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे बारीक दिवे असतील तर कोणता लागून राहतो ते सांगा. बोर्ड कुठे अडलाय ते तोच सांगतो. चालू करताना बीप वाजत असतील आणि त्या मोजायच्या असतील तर आधी बोर्डाचं मॅन्युअल हवं, प्रत्येक बायोस कंपनीचा अर्थ वेगळा असतो.

ए-१०२ : दोन पट्ट्या होत्या. पहिली लावून चालू केलं, स्क्रीन आला! काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत ‘सीमॉस चेकसम एरर, तारीख-वेळ सेट नाही, एफ-१ दाबा’ असं आलं. एफ-१ दाबलं तर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. डिस्क गेली का?

बी-५०१ : घाबरू नका, बहुधा नाही गेली. पहिला संदेश बोर्डवरच्या बटणसेलचा आहे. मशीनची वायर लावलेली असते तोवर घड्याळ सप्लायच्या विजेवर चालतं. महिनाभर स्विच बंद, म्हणजे सगळा भार त्या सेलवर आला आणि तो संपला. तो संपला की बायोसच्या सेटिंग्ज कंपनीच्या मूळ सेटिंग्जवर जातात, आणि विंडोज टाकताना ज्या होत्या त्यांच्याशी त्या जुळतीलच असं नाही.

सेल सीआर-२०३२, ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दाखवत असेल तर बदला. वायर काढून, कडेचा क्लिप नखाने दाबला की तो उसळतो. नवा बसवताना ‘+’ आणि अक्षरं वरच्या बाजूला. काही बोर्डांवर सेल उभा असतो, तिथे जुना कसा बसला होता त्याचा आधी फोटो काढा.

मग चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा, बायोस उघडेल. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. यादीत तुमची डिस्क दिसते का?

ए-१०२ : सेल १.९ दाखवत होता, नवा बसवला. डिस्क दिसते, नाव आणि ५०० जीबी. बूटच्या पानावर ‘लेगसी’ लिहिलंय.

बी-५०१ : डिस्क दिसते म्हणजे केबल आणि डिस्क दोन्ही जिवंत आहेत. आता बूट मोड ‘लेगसी’ (जुनी पद्धत) वरून ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) करा. बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ असं नाव आलं तर ते पहिल्या क्रमांकावर ठेवा. नाही आलं तर विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेली असेल, परत ‘लेगसी’ करून डिस्कच पहिल्या क्रमांकावर घ्या. तारीख-वेळ भरा, एफ-१० दाबून सेव्ह करा.

सी-३०४ : दोन सूचना. विंडोजचा लोगो येऊन निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर बायोसमधला साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग) बदललेला आहे. एएचसीआय असेल तर रेड, रेड असेल तर एएचसीआय करून बघा. बदलून फरक पडला नाही तर परत मूळ जागी आणा. दुसरं, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर अंदाजाने काही भरत बसू नका. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर मोबाइलवरून त्या अकाउंटमध्ये गेल्यावर ती बहुतेक वेळा मिळते.

ए-१०२ : ‘विंडोज बूट मॅनेजर’ आलं, आणि डेस्कटॉपही आला. सगळे फोटो दिसतायत!! ताई, काका, किती आभार मानू!

बी-५०१ : छान! आता बाकी काही करण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग मशीन बंद करा, वायर काढा, दुसरी पट्टी लावून बघा. तीसुद्धा चालली तर रात्रभर वायर काढून ठेवा आणि सकाळी तारीख बघा. बरोबर असेल तर सेल नीट बसला आहे. तारीख चुकली की वेबसाइट्सही ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, तेव्हा इंटरनेटला दोष देऊ नका.

डी-६०३ : ताई, मग फॉरमॅट करायची वेळ नक्की येते कधी? भावाच्या मशीनवर लोगो येतो आणि गोल फिरतच राहतं.

बी-५०१ : तिथे अडचण विंडोजमध्येच असू शकते, तरीही फॉरमॅट सगळ्यात शेवटी. लोगो आला की बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची निळी पाटी येते. त्यात आधी स्टार्टअप रिपेअर, मग नुकताच आलेला अपडेट काढणं, मग सिस्टम रिस्टोर.

काहीच जमलं नाही तर फाइल्स काढायची एक वाट आहे. त्याच पाटीतून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर, मग फाइल-ओपन. खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. डिस्क आणि पेनड्राइव्ह दोन्ही तिथे दिसतात, राइट क्लिक करून कॉपी-पेस्ट होतं. ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, नेहमीचा सी तिथे डी असू शकतो. कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते. वाट बघा, बंद करू नका.

सी-३०४ : आणि डिस्कमधून ‘टक्-टक्’ आवाज येत असेल तर यातलं काहीही करू नका. ताबडतोब बंद करा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) तर मुळीच नको, मरायला टेकलेल्या डिस्कचा प्रत्येक कोपरा ती वाचायला लावते. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे.

ई-२०१ : लॅपटॉपलाही हेच सगळं लागू का?

सी-३०४ : क्रम तोच. चार्जर काढून बटण ३० सेकंद दाबा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. स्क्रीन काळा दिसला तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. आत पुसट चित्र दिसलं तर मशीन चालू आहे, फक्त बॅकलाइट (स्क्रीनमागचा उजेड) गेलाय. टचपॅड वर आलेलं किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंगला लावू नका, स्वतः उघडू नका, तसाच दुरुस्तीला द्या.

ई-२०१ : टॉर्च मारून बघितलं, पुसट डेस्कटॉप दिसतोय.

सी-३०४ : मग टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडा आणि आधी फाइल्स काढून घ्या. स्क्रीनचं नंतर बघू.